परत द्यायचा दात

आमचे सर दात हुंगायचे. स्वतःचे नाही, दुसऱ्यांचे, आणि तेही तोंडातून बाहेर आलेले. चिमट्यात धरलेला दात नाकाशी न्यायचे, डोळे मिटायचे, लांब श्वास ओढायचे आणि निकाल द्यायचे. वास आला तर दात नापास. नाही आला तर तो सूक्ष्मदर्शकाखाली जायचा. पहिल्या दिवशी हा प्रकार पाहिला तेव्हा मला वाटलं, घरच्यांचं ऐकून बी.एड. केलं असतं तर बरं झालं असतं. एमएस्सी फिजिक्सला पहिला वर्ग मिळवून शेवटी आपण कुठे येऊन पडलो, याचा विचार करत मी त्या दिवशी स्कूटी घेऊन घरी गेले.

वासाचं कारण मात्र पक्कं होतं. दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत जो बसून आलाय त्याला तो वास ठाऊक असतो. ड्रिल फिरायला लागलं की दात तापतो आणि काहीतरी करपल्यासारखं नाकात जातं. सरांचं म्हणणं असं की दात काय आणि हाड काय, दोन्हींत खनिज एकच. ते कापायचं तर तापवायचं कशाला? त्यांचा लेझर उजेडाचे फार छोटे ठोके मारायचा. एका सेकंदाचे दहा कोटी कोटी भाग करायचे आणि त्यातले दोन-तीनशे उचलायचे, एवढाच एक ठोका. तेवढ्यात खनिजाचा कण उडून जायचा आणि शेजारच्या कणाला उष्णतेचा पत्ताही लागायचा नाही. पुस्तकातली चार पानं वाचून मला जे कळलं नव्हतं ते त्यांनी एका दमात सांगितलं.

"तुझी आई तव्यावरची भाकर बोटानं उलटती का न्हाई? मंग बोट कामून भाजत न्हाई? जल्दी उचलती म्हणून."

सर मूळचे पिंपळगाव रेणुकाईचे. आयुष्याची चांगली वर्षं बाहेरच्या मोठमोठ्या प्रयोगशाळांत काढून परत आले होते, पण भाषा जशी नेली तशीच आणली होती. शोधनिबंध इंग्रजीत लिहायचे, तेही असे की त्यातला एक शब्द इकडचा तिकडे करता येऊ नये. बोलायला लागले की भोकरदनच्या बाजारात उभे असल्यासारखे. मला त्यांनी कधी नावाने हाक मारली नाही. माझे वडील केदारखेड्याच्या शाळेत मास्तर, म्हणून मी 'मास्तराची पोर'. चार वर्षांनी मला डॉक्टरेट मिळाली तरी त्यात बदल झाला नाही.

आणि लेझरला ते लेझर म्हणायचे नाहीत. ते यंत्र एका मोठ्या संस्थेने आमच्या कॉलेजला दोन वर्षांच्या बोलीवर वापरायला दिलं होतं, म्हणून तो 'पाव्हणा'. सकाळी आल्याआल्या विचारायचे, पाव्हणा उठला का? यंत्र तापून स्थिर व्हायला दोन तास लागायचे, तोवर कुणी मोठ्याने बोललं तर म्हणायचे, अजून त्याचे डोळे चोळणं चाललंय. थंड पाण्याचा पंप सुरू करायचा असला की 'पाव्हण्याला पाणी दे'. विद्यापीठातून एक प्राध्यापक आमचं काम पाहायला आले होते. त्यांना अर्धा दिवस वाटत होतं की आतल्या काचेच्या खोलीत सरांचा कुणी आजारी नातेवाईक झोपलाय. चहासुद्धा ते बिचारे हळू आवाजात प्यायले.

बोलीत अट एकच होती. दोन वर्षं संपायच्या आत माणसाच्या दाताच्या कवचात एक चौकोनी खड्डा पाडून दाखवायचा. कडा काळी पडलेली नको आणि कोपऱ्यातून एकही तडा गेलेला नको. जमलं तर पाव्हणा कायमचा आमच्याकडे. नाही जमलं तर ट्रक येणार आणि यंत्र जिथून आलं तिथे परत जाणार. यंत्र गेलं तर माझा प्रबंधही त्याच ट्रकमधून गेला असता. आणि सरांचं काय गेलं असतं ते मी सांगायला नको. या कामापलीकडे त्या माणसाला काही नव्हतं, घरी कॅलेंडरसुद्धा नव्हतं.

अट सोपी वाटते. पण आमची प्रयोगशाळा कुठे होती ते ऐका. कॉलेजात जागा नव्हती म्हणून कॉलेजच्या अध्यक्षांनी आपलं जालना एमआयडीसीतलं बियाण्यांचं जुनं गोदाम दिलं होतं. उजव्या हाताला बियाणं प्रक्रियेचा प्लँट, डाव्या हाताला सळयांची रोलिंग मिल. ज्या कामात केसाच्या शंभराव्या भागाइतकं हललेलं चालत नाही, ते काम मिलच्या भिंतीला भिंत लावून. यंत्राचं टेबल हवेवर तरंगणारं होतं, हादरे बसू नयेत म्हणून, पण ते बनवणाऱ्याने जालन्याची मिल पाहिलेली नसावी.

सरांनी त्यावर स्वतःचा उपाय काढला होता. टेबलाच्या कोपऱ्यावर काठोकाठ पाण्याने भरलेला स्टीलचा पेला ठेवायचा आणि त्याच्याकडे बघत बसायचं. पाण्यावर सुरकुती आहे तोवर हात लावायचा नाही. सुरकुती गेली की ते बोट वर करायचे आणि मी बटण दाबायची. मिलच्या चहाच्या सुट्टीत आम्ही काम करायचो, जेवणाच्या सुट्टीत करायचो आणि शुक्रवारी मिल बंद असायची तेव्हा तर सकाळपासून पाणी न पिता करायचो. मिल किती वाजून किती मिनिटांनी थांबली आणि कधी सुरू झाली याची वही सरांकडे होती. एकदा मिलचा फोरमन ती वही बघायला आला. त्याचे कामगार चहाला किती वेळ काढतात ते त्याला मोजायचं होतं. सरांनी वही पोटाशी धरली आणि म्हणाले, मी चुगल्या करत नाही. उलट जाताजाता त्यालाच सुचवलं की माणसं दमलेली दिसतात, सुट्टी दहा मिनिटांनी वाढवून पाहा.

दसऱ्याला अध्यक्षांची माणसं पूजेचं ताट घेऊन आली आणि टेबलावर नारळ फोडायला निघाली, तेव्हा सर टेबलावर आडवे झाले. अक्षरशः. शेवटी तडजोड झाली: नारळ बाहेर ओट्यावर, हळदकुंकू दाराच्या कडीला आणि झेंडूचा हार एसीला. उदबत्ती मात्र त्यांनी कंपाउंडच्या बाहेर लावायला लावली, कारण नंतर महिनाभर दातांना उदबत्तीचा वास आला असता.

दात मिळायला वेळ लागायचा, तोवर आम्ही हाडांवर हात बसवायचो. सर शुद्ध शाकाहारी, अंड्याचा केकसुद्धा विचारून खाणारे, आणि आठवड्यातून दोनदा स्टीलचा डबा घेऊन बाजारात खाटकाकडे उभे. बकऱ्याच्या नळीचं हाड पाहिजे, मटण नको. खाटकाने बराच विचार करून ठरवलं की यांच्या घरी कुत्रा असणार, आणि कुत्र्याची विचारपूस सुरू केली. सरांना खोटं बोलता येत नव्हतं आणि खरं सांगायचं तर अर्धा तास लागला असता. ते म्हणाले, पाव्हणा आहे, दोन वर्षांसाठी आलाय. खातो किती, तर दिवसभरात केसाएवढं. खाटीक खरोखर काळजीत पडला. पुढच्या वेळी त्याने डब्यात हाडाबरोबर एक चिठ्ठी दिली, तिच्यावर जनावरांच्या डॉक्टरचा पत्ता. "इसकू जल्दी दिखाव साहब," तो म्हणाला, "इतने में कोई जीता नै." सरांनी ती चिठ्ठी यंत्राच्या कपाटावर चिकटवून टाकली.

दवाखान्यांतून जे दात यायचे ते किडलेले, तुटलेले, तंबाखूने काळे झालेले. माझे वडील पहिली-दुसरीला शिकवतात हे कळल्यावर सरांचे डोळे चमकले. त्या वयात पोरांचे पुढचे दुधाचे दात पडतात, आणि ते स्वच्छ असतात. सर स्वतः केदारखेड्याला आले, वर्गात पोरांपुढे उकिडवे बसले आणि काय करणार ते सगळं सांगितलं. आईबापांच्या सह्या घेतल्या, दाताला एक खोडरबर कबूल केलं आणि वर आपण होऊन सांगितलं की दात फुकट घेत नाही, वापरायला घेतोय. काम झालं की परत.

हे परत देण्याचं महत्त्व बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. आमच्याकडे पडलेला दात शेणाच्या गोळीत घालून पत्र्यावर फेकतात, तेव्हा नवा सरळ येतो. पोरांना चिंता तीच होती. ईश्वरी नावाची एक दुसरीतली मुलगी उभी राहिली आणि तिने विचारलं की परत म्हणजे नक्की कधी. आम्हा मोठ्यांना हसू आलं. सर हसले नाहीत. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "तुझ्या दाताचं काम झालं की त्याच आठवड्यात." मग वडिलांनी प्रत्येकाचा दात काडेपेटीत घालून वर नाव लिहिलं आणि मी त्या सगळ्या काडेपेट्या स्कूटीच्या डिकीतून जालन्याला नेल्या.

पुढचे तीन महिने त्यातला एकेक दात वाया गेला आणि काडेपेटीतून परत गेला. खड्डा सुरेख पडायचा आणि शेवटच्या क्षणी मिलमध्ये काहीतरी आपटायचं की कोपऱ्यातून सुतासारखा तडा. सार्थक नावाच्या पोराचा दात तर इतका जवळ आला होता की सर दोन दिवस जेवले नाहीत, आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा कापून पाहू म्हणून तो तेवढा ठेवून घेतला. मग एका शुक्रवारी ईश्वरीचा दात लावला. पेल्यातलं पाणी काचेसारखं होतं. खड्डा पडला. सरांनी दात हुंगला, पुन्हा हुंगला, मला हुंगायला दिला. कसलाच वास नव्हता. सूक्ष्मदर्शकाखाली चारही कडा सुरीने कापल्यासारख्या, एकही तडा नाही. एका कडेशी जन्मजात पांढरा ठिपका होता, तोसुद्धा अर्धा कापला जाऊन शाबूत. सर काचेच्या खोलीत जाऊन यंत्राच्या पाठीवर थाप मारून आले.

त्यानंतर दोन दिवसांनी थंड पाण्याचा पंप जळला. नवा बाहेरून यायचा होता आणि त्याला महिना लागणार होता. म्हणजे आता दुसरा दात कापणं शक्य नव्हतं. आमच्याकडे होता तो एकच. आणि यंत्र देणाऱ्या संस्थेच्या समितीचं पत्र आलं की आम्ही सोमवारी पाहायला येतो, नमुना तयार ठेवा.

त्याच आठवड्यात गुरुवारी ईश्वरीची आजी, कौसाबाई, टेम्पोत बसून एमआयडीसीत आली. गेटवर तिने 'दातवाले साहेब' कुठे बसतात ते विचारलं आणि वॉचमनने न अडखळता आमचं गोदाम दाखवलं. तिचं म्हणणं सरळ होतं. तीन महिने झाले, नातीच्या बरोबरीच्या पोरींना नवे दात आले, हिच्या तोंडात अजून खिडकी. जुना दात पत्र्यावर गेला नाही म्हणून नव्याची वाट चुकली. पोरीने हसायचं सोडलंय, वर्गात तोंडावर हात धरून बसती.

सरांना यावर दातांच्या वाढीबद्दल तासभर बोलता आलं असतं. त्यांनी फक्त कॅलेंडर मागितलं, माझ्या टेबलावरचं, आणि बोटं मोजली.

"काम शुक्रवारीच झालंय आजी. माझंच चुकलं. मोजमाप उरकून रविवारी म्या स्वतः घेऊन येतो."

आजी गेल्यावर मी सरांशी भांडले. आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, दोन दिवसांचा प्रश्न आहे, मंगळवारी द्या. सर म्हणाले, आठवडा शुक्रवारी संपतो, रविवारच उशिराचा आहे. म्हटलं, समितीला काय दाखवणार? तर म्हणाले, फोटो आहेत, मोजमाप आहे, मी आहे. म्हटलं, फोटो कुणीही आणतं, पत्रात नमुना लिहिलंय. त्यावर त्यांनी चष्मा काढला आणि मला विचारलं, "शब्द आधी कुणाला दिलता? कमिटीला का पोरीला?" आणि विषय संपला, म्हणजे त्यांच्यापुरता.

माझ्यापुरता संपला नव्हता. घरी त्या महिन्यात दोन स्थळं येऊन गेली होती आणि आई म्हणत होती की प्रबंध होत नसेल तर तसं सांग. मी तीन रात्री तळमळले आणि रविवारी सकाळी केदारखेड्याला न्यायची काडेपेटी भरताना ईश्वरीच्या दाताच्या जागी सार्थकचा दात ठेवला. दिसायला दोन्ही सारखेच, दोन्हींत चौकोनी खड्डा. वर कापूस दाबून बसवला. सरांनी काडेपेटी उघडून पाहिली नाही. माझ्यावर भरवसा होता म्हणून.

संध्याकाळी ते इतके खुशीत परत आले की मला कुठे तोंड लपवू असं झालं. पोरीने दात कसा फेकला ते त्यांनी मला खोडरबर फेकून दाखवलं. गोळी पत्र्यावर पडल्याचा आवाज तोंडाने काढून दाखवला. कौसाबाईने त्यांना शेवयांची खीर खाऊ घातली होती. मी हसले.

सोमवारी समिती आली. दोन पुरुष आणि अध्यक्ष म्हणून दातांच्या कॉलेजातल्या एक मॅडम, करड्या केसांच्या, फार न बोलणाऱ्या. सर उठून फोटोंची फाइल उघडायला लागले, तेवढ्यात मी पुढे होऊन ईश्वरीच्या दाताची डबी मॅडमसमोर ठेवली. त्यांनी दात सूक्ष्मदर्शकाखाली धरला. बराच वेळ पाहिला. मग सोबतच्या दोघांना पाहायला लावला आणि म्हणाल्या की इतकी स्वच्छ कड मी पाहिलेली नाही. सर गोंधळले होते. हा कुठला दात, म्हणत त्यांनी स्वतः डोळा लावला आणि त्यांना तो पांढरा ठिपका दिसला.

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. ते मॅडमकडे वळले.

"मॅडम, हा दात आमचा न्हाई. केदारखेड्याच्या एका पोरीचा हाय. परत दिला म्हणून सांगून म्या काल तिला दुसऱ्याच कुणाचा तरी दिला."

एवढं बोलून त्यांनी दात डबीत घातला, डबी खिशात, हेल्मेट डोक्यात, आणि ते गेले. बाहेर त्यांची मोपेड दोनदा खोकून सुरू झाल्याचा आवाज आला. समितीतले एक गृहस्थ म्हणाले, हे काय चाललंय? मला सगळं सांगावं लागलं, काडेपेटीपासून खिरीपर्यंत. मॅडमनी ऐकून घेतलं, पर्स उचलली आणि म्हणाल्या, चला, गाडी काढा.

भोकरदन रस्त्यावर आम्ही सरांना लगेच गाठलं. ड्रायव्हर पुढे काढायला लागला तेव्हा मॅडम म्हणाल्या, राहू द्या त्यांना पुढे. मग केदारखेड्यापर्यंत एक मोपेड आणि तिच्या मागे तिच्याच वेगाने सरकारी पाटी लावलेली जीप, अशी आमची मिरवणूक गेली. मंत्री येतोय समजून दोन ठिकाणी लोक उठून उभे राहिले.

सरांनी कौसाबाईच्या अंगणात काहीही न लपवता सांगितलं. फक्त अदलाबदल कुणी केली ते सांगितलं नाही, 'आमच्याकडून' म्हणाले. कौसाबाईला माफीशी देणंघेणं नव्हतं. तिचा प्रश्न वेगळाच होता. काल आमच्या पत्र्यावर मग कुणाचा दात गेला? मी पुढे झाले आणि म्हटलं, सार्थकचा. कौसाबाई मटकन खाली बसली.

"अगं बाई, मंग आता त्या सार्थ्याचा दात आमच्या पोरीच्या तोंडात यील की."

तोवर गर्दी जमली होती आणि तिच्यात सार्थक स्वतः होता. आपला दात परक्याच्या पत्र्यावर गेला हे ऐकून त्याने भोकाड पसरलं. त्याच्या आईने विचारलं की याला आता कुणाचा येणार? समितीतले गृहस्थ काहीतरी शास्त्रीय सांगायला गेले, त्यांना कुणी बोलू दिलं नाही. निवाडा कौसाबाईनेच केला: ज्यांनी चूक केली त्यांनी वर चढून दात उतरवावा. सगळ्यांनी सरांकडे पाहिलं आणि सरांनी शिडीला हात घातला. मग मात्र मला राहवलं नाही. मी म्हटलं, थांबा सर, चूक माझी आहे.

भर दुपारी तापलेल्या पत्र्यावर, समितीच्या तीन सदस्यांसमोर, सगळ्या गल्लीसमोर आणि शाळा सोडून आलेल्या माझ्या वडिलांसमोर मी गुडघ्यांवर रांगत वाळलेल्या शेणाच्या गोळ्या फोडत होते. वर एकूण सात सापडल्या, कारण त्या घरात पोरं बरीच. प्रत्येक गोळीतला दात मी खाली द्यायची आणि मॅडम भिंग लावून सांगायच्या, हा नाही, पुढचा. चौकोनी खड्ड्याचा पाचव्या गोळीत निघाला. सार्थकचं रडणं थांबलं.

मॅडमनी मग ईश्वरीला जवळ घेतलं, आ करायला लावलं आणि हिरडीवरून बोट फिरवलं. नवा दात अगदी तोंडाशी आहे, आठ-पंधरा दिवसांत दिसेल, म्हणाल्या. मग त्यांनी तिला विचारलं की तुझा जुना दात मी ठेवून घेतला तर चालेल का, फार मोठं काम होईल. सर जमिनीकडे बघत राहिले. ईश्वरीने तोंडावर हात धरला आणि हाताआडून म्हणाली, "न्हाई. सर परत देतो म्हणले होते."

मॅडमनी उन्हात धरून तो दात भिंगातून शेवटचा एकदा पाहिला आणि तिच्या हातावर ठेवला. ईश्वरीने फेकला. कौसाबाईने पत्र्यावरचा आवाज नीट ऐकला आणि मान हलवली.

जीपमध्ये बसायच्या आधी समितीत जरा वाद झाला. नमुना नाही तर मंजुरी कशी, असं दोघांचं म्हणणं. मॅडमनी अहवालावर काहीतरी लिहिलं आणि सरांना सांगितलं, दोन महिने देते, त्याहून जास्त माझ्या हातात नाही. पुढचा दात मात्र असा आणा, ज्याचा मालक तो परत मागणार नाही.

ईश्वरीचा दात बाराव्या दिवशी आला. कौसाबाई आजही सांगते की ती भिंगवाली बाई उगाच आली होती, खरं काम पत्र्याने केलं.

सर माझ्याशी बोलायचे बंद झाले. म्हणजे काम चालू होतं, पण मला सांगायचं ते यंत्राला सांगायचे. पाव्हण्या, तिला म्हणावं आरसा पुस. पाव्हण्या, तिला म्हणावं जेवून घे. मी दोनदा माफी मागितली, दोन्ही वेळा ते पेल्यातल्या पाण्याकडे बघत राहिले. मला वाईट याचं वाटायचं की ते रागावलेले दिसत नव्हते. दुखावलेले दिसत होते. ज्या माणसाला खाटकाशीही खोटं बोलता येत नव्हतं, त्याला मी एका पोरीपुढे खोटं पाडलं होतं.

पंप यायला दीड महिना लागला. मग दात मिळेना. त्या दुपारनंतर पंचक्रोशीत आम्हाला कुणी दात द्यायला तयार नव्हतं, आणि दवाखान्यातून आलेले तिन्ही दात कापायला घेतल्यावर फुटले. होता होता एकच शुक्रवार उरला. मी घरी सांगून टाकलं होतं की आता फार आशा धरू नका.

त्या शुक्रवारी मी सकाळी गेले तर सर आधीच येऊन बसलेले. एक गाल टम्म सुजलेला, तोंडात कापूस. त्यांनी माझ्यासमोर मिठाच्या पाण्याची बाटली ठेवली. तिच्यात एक अक्कलदाढ होती, धडधाकट, कवच पांढरंशुभ्र. वाकडी उगवल्यामुळे डॉक्टर काढ म्हणत होते आणि सर कित्येक वर्षं टाळत होते, हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढं कळलं की ते माझ्याशी बोलतायत, थेट.

"तू काप," ते म्हणाले. कापसामुळे शब्द नीट येत नव्हते. "बिघडला तर बिघडू दे. माझा हाय."

मला रडू आलं आणि डोळ्यांतलं पाणी संपेपर्यंत सर पेल्यातल्या पाण्याकडे बघत थांबले. मग त्यांनी बोट वर केलं. मी बटण दाबलं.

खड्डा स्वच्छ पडला. मॅडमनी तीन दिवसांनी तो पाहून सही केली आणि पाव्हणा जालन्याचाच झाला. सर निवृत्त होऊन पिंपळगावला गेले, यंत्र आता मी चालवते.

त्या शुक्रवारी संध्याकाळी आम्ही ओट्यावर चहा पीत बसलो होतो, म्हणजे मी पीत होते आणि ते गार होण्याची वाट बघत होते. मी त्यांना विचारलं, सर, समजा दाढ फुटली असती, मग काय केलं असतं? त्यांनी चहा खाली ठेवला, सुजलेला गाल बोटाने बाजूला सारला आणि माझ्यासमोर मोठा आ केला.

"अजून एकतीस हायेत की."